गिळ नाहीतर थुंक

आमच्या अग्निशमन केंद्रात जेवायला बसलेला माणूस पहिला घास कधी खातो आणि शेवटचा कधी, हे त्याचं त्यालाही कळत नाही. अतिशयोक्ती वाटत असेल तर येऊन बघा. लांबलचक टेबल, मध्ये रश्श्याचं पातेलं, शेजारी पावांची टोपली, आणि सात-आठ धटिंगण त्यावर असे तुटून पडलेले की पातेल्यानेच घाबरून पळून जावं. कुणी बोलत नाही. चावत तर कुणीच नाही. घंटा कधी होईल सांगता येत नाही ना! अर्ध्या जेवणावरून उठलेला माणूस पुन्हा कधी जेवेल याचा भरवसा नसतो. पोटात गेलं तेवढंच आपलं.

आणि या टेबलाच्या टोकाला मी. समोर बायकोच्या बालवाडीतली वाटी, तिच्यावर पिवळं बदक. वाटीत कुस्करलेलं उकडलेलं अंडं, हातात चिमुकला चमचा. एक चमचा तोंडात घालायचा, चमचा खाली ठेवायचा आणि चावत बसायचं. अंड्यात चावायला काय असतं, तुम्हीच सांगा! पण चावायचं. त्याचं पार पाणी होईपर्यंत चावायचं, मग गिळायचं, मग थांबायचं, पोटाला विचारायचं की बाबा रे, पोचलं का? ते 'हो' म्हणालं की दुसरा चमचा.

"अगडबंब, झालं का रे?" काडी विचारायचा. तोवर त्याची ताटली धुऊन फळीवर गेलेली असायची.

"दुसरा चमचा चाललाय."

"आजच्या जेवणाचा की कालच्या?"

टेबल खदाखदा हसायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, पण तोंडात अंडं असताना शिवी देता येत नाही. चमचेबाईंनी तेही बंद केलं होतं. चमचेबाई म्हणजे दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाई. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट चमच्यात मोजायची सवय. जेवताना बोलू नका, बोललात तर हवा गिळली जाते. जेवताना पाणी नको, जेवण झाल्या झाल्याही नको. आधी अंडं-मासा-कोंबडी, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात-पाव. जागा उरायची कुठून? माझं पोट कापून डॉक्टरांनी केळ्याएवढं केलं होतं.

काडी म्हणजे माझा जोडीदार. आगीच्या खात्यात काडी नावाचा माणूस, यावर पहिली काही वर्षं आम्ही पुष्कळ हसलो, मग ते त्याचं नावच झालं. अंगाने तसाच, उभा धरला तर सावली पडणार नाही. आणि मी अगडबंब. साहेबांनी "बंब बाहेर काढा" म्हटलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "कुठला?" मीही हसायचो. जाड माणसाला हसावंच लागतं. नाहीतर लोक म्हणतात, याला मस्करी कळत नाही.

पण एका आगीत मी जिन्यात अडकलो आणि हसणं संपलं. गच्चीकडे जाणारा लोखंडी गोल जिना होता. पाठीवरची हवेची टाकी एका कठड्यात रुतली, पोट दुसऱ्या कठड्यात, पुढे धूर आणि मागे काडी. ना पुढे, ना मागे. शेवटी काडीने पट्टा धरून मला खाली ओढलं. गच्चीवरची माणसं दुसऱ्या बाजूने शिडी लावून उतरवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला फोनवर बसवलं.

"वजन उतरव," ते म्हणाले. "मग चाचणी घेतो. एकदाच घेईन. पास झालास तर पुन्हा शिडीवर. पण त्यानंतर आगीच्या जागी तुझ्या अंगाने एकदा जरी दगा दिला, तर निवृत्त होईपर्यंत फोन. मग वशिला नाही, रडारड नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. नाही म्हणून सांगतो कुणाला! उपास करून वजन उतरेना, तेव्हा पोट कापून घेतलं.

फोनवर बसणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. बाहेरून सोपं दिसतं. पंख्याखाली खुर्ची, काचेतून अंगण दिसतंय, बंब धुतला जातोय. मग फोन वाजतो आणि कुणीतरी किंचाळत असतं. एका दुपारी एका बाईचा फोन आला. स्वयंपाकघर पेटलं होतं आणि तिचं मांजर आत राहिलं होतं. मी पत्ता घेतला, घंटा वाजवली, पोरं धावली, बंब दरवाजातून बाहेर पडला. मी तिला म्हटलं, "गाडी निघाली. तुम्ही आत जाऊ नका." ती म्हणाली, "तुम्ही येताय ना?" मी म्हटलं, "गाडी निघाली." ती परत म्हणाली, "पण तुम्ही येताय ना?" आता काय सांगायचं? मी आपला फोनची वायर जेवढी लांब तेवढा इकडून तिकडे चालतोय, वायर ताणली गेली की मागे वळतोय. पोरं परत आली ती मांजर सापडल्याचं सांगत, ओरखडे दाखवत, हसत. मी त्यांच्या अंगाचा धुराचा वास घेतला आणि मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. हे मी कुणाला बोललो नाही. बायकोला तर नाहीच.

बायकोला माझं फोनवर बसणं मनापासून आवडलं होतं.

"संध्याकाळी माणूस घरी येतो," ती म्हणायची. "कपड्यांना वास नाही, भुवया जळलेल्या नाहीत. मला आणखी काय पाहिजे?"

"मला पाहिजे ना!"

"तुम्हाला काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. टाके तरी सुकू द्या."

टाके कधीच सुकले होते. मला घरात बसवत नव्हतं, एवढंच खरं. आधी भूक लागायची, ती भागवायची, मग झोप यायची, असा दिवस सरळ होता. आता तो दिवसच कुणी पळवून नेल्यासारखा झाला. पोटाला भूक नाही, पण हाताला आहे, जिभेला आहे. हात उगाच डबे उघडतोय. बायकोने एकदा पकडलं. डबा उघडून मी नुसता वास घेत होतो, आईशप्पथ नुसता वास! ती कपाळावर हात मारून म्हणाली, "भूक डोक्यात आणि डॉक्टरांनी कापलं पोट. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!" तिला माझ्या धंद्यातली म्हण सापडल्याचा एवढा आनंद झाला की आठवडाभर येईल-जाईल त्याला ऐकवली.

मग डबे उघडण्यापेक्षा बरं म्हणून मी चालायला लागलो. सकाळी चालायचो, कामावरून आलो की चालायचो, जेवणाचे चार चमचे झाले की पुन्हा. पायाला भिंगरी लागली होती. शेजारचे आधी म्हणाले, वा, छान. मग म्हणाले, घरी काही बिनसलंय का? घरी बिनसलं काहीच नव्हतं. बायको मुलांना शिकवते तशी मला शिकवत होती. छोटी ताटली, छोटा चमचा, "आता चावा बघू," "अजून चावा," "शहाणे!" एकदा तर माझ्या हनुवटीला लागलेलं तिने बोटाने पुसलं. मी खेकसलो. ती म्हणाली, "बरं बाई, राहिलं."

एक मात्र गंमत झाली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती रागावली की एकच वाक्य ठरलेलं: "या आता गिळायला." तुमच्या घरीही असेल. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा ती चिडली, बहुतेक मी ओला टॉवेल गादीवर टाकला होता, आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "या आता गि—" आणि थांबली. कारण चमचेबाईंनी तिलाच बजावलं होतं, यांना काही झालं तरी गिळू देऊ नका. मग आतून आलं, "या आता चावायला!" मी पलंगावर पडून हसलो. तीही हसली, पण टॉवेल मलाच उचलायला लावला.

मला शिडीवर चढवायचं तिच्या मनात नव्हतं. आणि चढण्यासाठी लागणारी ताकद मात्र तिच्याच हातून माझ्या पोटात जात होती. सकाळी उठून अंडी तीच उकडायची, मासा वाफवून काटे तीच काढायची, कोंबडीचे बारीक तुकडे करून डबा तीच भरायची. मी एकदा म्हटलं, "तुला नको आहे ना, मग कशाला करतेस?" ती म्हणाली, "मेलात तर कुणाशी भांडू?" आणि कुकर लावायला गेली.

केंद्राच्या मागे आमचा सरावाचा मनोरा आहे. आतून पायऱ्या, बाहेरून शिडी लावायला जागा. दुपारी फोनवर दुसरा माणूस आला की मी तिथे. काडी खाली उभा राहून शिव्या घालायचा, त्यालाच आमच्यात उत्तेजन म्हणतात. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. सकाळी काही खाल्लंच नव्हतं. म्हटलं, पोट रिकामं असलं की अंग हलकं राहील. कसलं हलकं! पायच कुणी काढून घेतल्यासारखे झाले. चमचेबाईंनी फोनवर झापलं, "अहो, इंजिनात तेल न घालता गाडी चालवता का तुम्ही?" मग आधी थोडं खायचं, मग बसायचं, मग चढायचं, असं सुरू झालं. थांबायचं, बसायचं, वाट बघायची! माझ्यासारख्या माणसाला उपाशी ठेवा एक वेळ, पण वाट बघायला लावू नका.

पाण्याचं तर विचारूच नका. वरून घामाघूम होऊन खाली यायचं, घसा कोरडा ठणठणीत, शेजारी हजारो लिटर पाण्याने भरलेला बंब उभा, आणि मी घोटभर पाणी तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा उभा. घटाघट प्यालो तर छातीत गोळा यायचा. एकदा मी पट्टदिशी वर गेलो आणि खाली आलो, तर काडीला एवढा आनंद झाला की त्याने मला आपल्या हाताने चहा आणून दिला, तीन चमचे साखर घातलेला. मीही प्रेमाने प्यालो. चमचेबाईंनी साखर बंद केली होती, नको म्हणायला हवं होतं, पण त्याचा चेहरा बघून नाही म्हणवेना. थोड्या वेळाने काळीज असं धडधडायला लागलं की आता बाहेर येतंय. घामाचे ओघळ, हात थरथर. मी पाइपांच्या ढिगावर आडवा. काडी पांढराफटक पडून टोपीने वारा घालतोय आणि सारखं म्हणतोय, "साखरेनं? साखरेनं होतं असं? अरे, साखर आहे ती, उंदराचं औषध नाही!"

साहेबांना सांगू नकोस, एवढंच मी म्हटलं. त्याने सांगितलं नाही.

आणि मग चाचणी झाली आणि मी पास झालो. फार काही सांगत बसत नाही. शिडी चढलो, माणसाच्या वजनाचा सरावाचा पुतळा खांद्यावर घेऊन उतरलो, पाइप ओढत अंगण पार केलं. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं, हात पुढे केला आणि म्हणाले, "सोमवारपासून शिडी." पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि काय आश्चर्य, उचललं! आयुष्यात मला कुणी उचललं नव्हतं. वरून मला केंद्राचं छप्पर दिसलं, त्यावर कुणाचा तरी हरवलेला बूट पडला होता. मी लहान मुलासारखा ओरडत होतो, सोडू नका रे, सोडू नका!

बायकोने बातमी ऐकली, वर्दीची पँट घेऊन मशीनवर बसली आणि कमरेत दोन्हीकडून चांगली मूठ-मूठ कापड आत घेतलं. दोरा तोडताना म्हणाली, "जेवताना घंटा झाली तर?"

"झाली तर झाली. उठायचं."

"आणि तोंडात घास असेल तो?"

आमचे जुने उस्ताद, ज्यांनी मला, काडीला आणि साहेबांनासुद्धा शिकवलं, त्यांचा एक नियम होता. भरल्या तोंडाने बंबात चढायचं नाही, धक्का बसला की घास घशात अडकतो आणि आग राहिली बाजूला, तुम्हालाच दवाखान्यात न्यावं लागतं. टेबलाजवळ उभे राहून ते ओरडायचे, "गिळ नाहीतर थुंक!" आम्ही सगळे गिळायचो. इतक्या वर्षांत कुणी थुंकल्याचं मला आठवत नाही. अन्न थुंकायचं म्हणजे काय!

"थुंकेन," मी बायकोला म्हटलं.

"थुंकाल?"

"थुंकेन गं! सांगितलं ना!"

"मग म्हणून दाखवा तीनदा," ती म्हणाली, बालवाडीतल्या मुलांना म्हणायला लावते तसं. मी चिडून उठलो आणि चालायला निघून गेलो.

सोमवारी मी खांद्यावर पट्टा चढवला आणि फोनच्या खोलीवरून जाताना काचेत बघितलंसुद्धा नाही. सकाळभर काही झालं नाही. बंब पुसला, शिडीच्या दोरीच्या कप्प्यांना तेल घातलं, पुन्हा बंब पुसला. बूड एका जागी टेकत नव्हतं. काडी म्हणाला, "अरे, रंग जाईल त्याचा." दुपारी टेबल लागलं. मी बदकाची वाटी उघडली. कोंबडीचे तुकडे होते, त्या दिवशी बायकोने जरा मोठे ठेवले होते, आता अंग कामाला लागणार म्हणून. पहिला तुकडा मी अगदी शहाण्यासारखा चावला. दुसरा तोंडात घातला, दोनदा दात लावले, आणि घंटा झाली.

कसं सांगू तुम्हाला! मी विचार केला असता तर थुंकलो असतो. पण घंटा झाल्यावर विचार कोण करतं? खुर्च्या मागे सरकल्या, माझे पाय उठले, हात टोपीकडे गेला, आणि घशाने आपलं काम केलं. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. तुकडा अख्खाच्या अख्खा खाली गेला. बंबात चढेपर्यंत मला कळलंसुद्धा नाही.

पहिल्या वळणावर कळलं. छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळली. मी सरळ बसायला गेलो, बसता येईना. वाकलो, वाकवेना. तोंडात पाणी सुटायला लागलं, साधं नाही, फेसाळ, दाट, गिळायला गेलो तर परत वर येणारं. गळ्यातला टॉवेल तोंडाशी धरला. भोंगा वाजतोय, पोरं पट्टे आवळतायत, आणि मी मनात त्या तुकड्याला हात जोडतोय. सरक रे बाबा. एवढा एकदा सरक. पुन्हा कधी कोंबडीला तोंड लावणार नाही.

"काय रे?" काडीने विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं.

"चढशील ना?"

मी मानेनेच हो म्हटलं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं. जिन्यात धूर भरलेला, खिडकीत एक म्हातारी. ओरडत नव्हती. खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून, बसची वाट बघावी तशी खाली बघत उभी होती. आम्ही शिडी लावली. साहेबांचा आवाज आला, "अगडबंब वर! काडी, पायाशी!"

या शब्दांसाठी मी पोट कापून घेतलं होतं. मी शिडीवर पाय ठेवला. दुसरा ठेवला. हात वर नेला मात्र, छातीतली मूठ अशी पिळली की डोळ्यांत पाणी आलं आणि तोंड फेसाने भरलं. वरून म्हातारी माझ्याकडे बघत होती. आता मला वाटलं, जाऊ या. कुणाला काय कळतंय? वर जाईपर्यंत सरकेल. आणि नाही सरकला तर? वर पोचल्यावर, ती माझ्या खांद्यावर असताना, मास्कमध्ये ओकलो तर? मला बोलायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. एकदा बोललो की मला सगळ्याला मुकावं लागणार, हे मला शिडीच्या लोखंडाएवढं स्पष्ट दिसत होतं. मी खाली उतरलो, तोंडातलं बाजूला थुंकलो आणि म्हटलं, "साहेब, मला चढता येणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पुरतं बघितलंही नाही. "काडी, वर!"

काडी माझ्या अंगावरूनच गेला म्हणा ना. मी शिडीचा पाया धरला. पूर्वी मी पायाशी उभा राहिलो की शिडी जमिनीत रोवल्यासारखी असायची, पोरं म्हणायची, अगडबंब खाली असला की वरती झोप काढावी. आता माझं वजन कुठे होतं? शिडी हलायला लागली तसा मी तिला मिठी मारली, दोन्ही पाय रोवले, खांदा लावला, आणि तसाच ओकायला लागलो. ओकत होतो आणि धरून होतो. बुटांवर, शिडीवर, सगळीकडे. हात मात्र सोडले नाहीत. वरून काडी ओरडला, "घेतली!" आणि शिडी दुप्पट जड झाली. मग एकेक पायरी त्याची पावलं खाली येताना मला हातात जाणवत गेली. नेमका तेव्हाच तो तुकडा बाहेर पडला. इतकं बरं वाटलं की मला स्वतःची चीड आली.

आग मोठी नव्हती. पोरांनी आत जाऊन विझवली. मी बंबाच्या नळाशी तोंड धूत होतो तेव्हा साहेब आले.

"काय खाल्लं होतंस?"

"घास गिळला, साहेब. घंटा झाली आणि..."

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनीही त्याच टेबलावर, त्याच उस्तादांच्या आरड्याखाली घास गिळले होते. त्यांनी बंबाचा नळ बंद केला. मग म्हणाले, "सांगितलंस, ते बरं केलंस." आणि जाता जाता, मागे न बघता, "उद्यापासून फोन. तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. भांडलो असतो, पण भांडायला कारण लागतं.

बंबाच्या पायरीवर म्हातारीला आमची घोंगडी पांघरून बसवलं होतं. तोंडावर काजळी, हातात कुणीतरी दिलेला पाण्याचा पेला. तिने मला हाताने बोलावलं. मी गेलो.

"तूच ना रे तो, खाली ओकत होतास?"

"हो, आजी."

"मी वरून बघत होते." तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वर्दी अजून खांद्यांत लोंबत होती, तिथे शिवायचं राहून गेलं होतं. "अगदीच वाळलेला आहेस की. घरी खायला देतात ना नीट?"

शेजारी काडी पाइप गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"देतात," मी म्हटलं.

"पहिलाच दिवस वाटतं कामाचा?"

"आजी, अहो हा तर आमचा—" काडी म्हणायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो पुन्हा पाइपकडे वळला.

"हो, आजी," मी म्हटलं. "पहिलाच."

"मग त्यात काय एवढं! होतं असं. माझा मोठा मुलगा पहिल्या दिवशी कामावरून रडत घरी आला होता, आता चार माणसं हाताखाली आहेत त्याच्या. बस इथे. बस रे."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. तिने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, आणि मग माझ्याच्याने राहवेना. इतक्या वर्षांत आगीच्या जागी मी कधी रडलो नव्हतो. काडी पाठ फिरवून, आधीच गुंडाळलेला पाइप पुन्हा उलगडत होता. म्हातारी आपल्या काळ्या झालेल्या हाताने माझी पाठ चोळत राहिली आणि म्हणत राहिली, "आज नाही जमलं तर उद्या चढशील. उद्या नक्की चढशील, बघ तू."